पंखे हळू केल्यावर

२४ मार्च २०१९, लातूर

आलो एकदाचा. मुदखेडहून गाडीत बसताना चांगुणाने डब्याबरोबर ही वहीही दिली. म्हणाली, बातम्या लिहिणं सुटलं म्हणून हाताला गंज चढू देऊ नका. नवऱ्याच्या नोकरीचं मर्तिक इतक्या सौम्य शब्दांत उरकणारी बायको सगळ्यांना मिळो.

आमच्या दैनिकाने नांदेड कार्यालय जानेवारीत बंद केलं. सत्तावीस वर्षं वार्ताहर, त्याआधी एम.ए. संस्कृत. वस्तीत संस्कृत घेणारा मी पहिलाच. कॉलेजात गुरुजींना मी चमत्कार वाटलो, वस्तीला वाया गेलेला. दोघांचंही थोडं थोडं खरं निघालं.

आता इथे चन्नबसप्पा सरांच्या क्लासमध्ये आहे. काम असं: निकालाच्या जाहिराती, पालकांना पत्रं, आणि चोवीस संगणकांच्या परीक्षा-हॉलची देखभाल. वार्ताहराला संगणक येतोच अशी सरांची श्रद्धा. मी ती मोडली नाही, कारण बदल्यात माया, म्हणजे आमची महामाया, सीईटीच्या क्रॅश कोर्सला बसली आहे. एरवी तिला इथे बसवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मे महिन्यात परीक्षा. पोरीला इंजिनिअर व्हायचंय, आणि तिला ते खरंच जमेल, हे बाप म्हणून नाही, बातमीदार म्हणून लिहितो.

दोन खोल्या मिळाल्या, दारात लिंब, टँकर दोन दिवसांआड. संध्याकाळी मायाबरोबर भजी खाल्ली. लई दिवसांनी बरं वाटलं.

२६ मार्च

आज हॉल नीट पाहिला. तळमजला, एकच दार, चार खिडक्या, चोवीस जागा. संगणक पुण्याच्या कुठल्या तरी बंद पडलेल्या कचेरीतून आलेले. चालू केले की पिठाची गिरणी लागल्यासारखा घर्रऽऽ आवाज. पेट्यांमधले सगळे छोटे पंखे कायम पूर्ण वेगात. परवा एक पालक दारातूनच परत गेले. म्हणाले, पोरगं पेपर सोडवंल का दळण आणंल?

सरांकडे नव्या, बिनआवाजी पंख्यांची यादी घेऊन गेलो. त्यांनी यादी वाचली, घडी घातली आणि त्या घडीने कान कोरला. मग म्हणाले, आनंदराज सर, साफ्टवेअरवर होतंय म्हणं की सगळं. ते फुकट असतंय. मी म्हणालो, मोक्षही फुकट असतो, वेळ लागतो. ते म्हणाले, आठ दिवस घ्या.

२९ मार्च

चार दिवसांत बरंच शिकलो. फुकटचा एक प्रोग्राम उतरवून घेतला. तो यंत्राच्या पोटातलं तापमान वाचतो आणि त्यावरून पंख्याला सांगतो, किती फिर. आपण फक्त नियम आखून द्यायचा. चार तारांचे पंखे सांगितलेलं ऐकतात, तीन तारांचे ऐकत नाहीत. चोवीसांत आठ तीन तारांचे निघाले. ते मोंढ्याजवळच्या भंगारवाल्याकडून बदलून आणले. बाकी सोळांची चौथी तार कुणीतरी कापून ठेवलेली, तीही जोडली. पेट्या उघडून ब्रशने धूळ काढली (एकीत पाल होती, वाळलेली), आणि उष्णता ओढून घेणाऱ्या पांढऱ्या पेस्टची एकच नळी चोवीस जणांत प्रसादासारखी वाटली.

माझा नियम साधा आहे. पंचाहत्तर अंशांच्या वर गेलं की पंखा पूर्ण वेगात. साठच्या आसपास अर्धा. पंचेचाळिसाच्या खाली अगदी हळू. तिसाच्या खाली बंद. हे शेवटचं कलम केवळ शास्त्र पूर्ण व्हावं म्हणून. बाहेर एक्केचाळीस असताना लातुरात कुठल्या यंत्राचं पोट तिसावर येणार आहे?

सगळ्यांचे आकडे माझ्या टेबलावरच्या पडद्यावर दिसतात. दाराशी बसून चोवीस जणांच्या श्वासावर देखरेख. एम.ए.ला पंचप्राणांवर दोन वर्षं घोकंपट्टी केली होती, ती इथे उपयोगाला आली.

१ एप्रिल

झालं! आज दुपारच्या तीनच्या पेपराला हॉल इतका शांत की खडूचा डबा पडला तर चोवीस माना वळल्या. चन्नबसप्पा सर दारात उभे राहिले, डोळे मिटले आणि देवळात आल्यासारखे हात जोडून गेले. पेढे आले. मायाने स्वतःच्या वाट्याचाही मला दिला. म्हणाली, पप्पा, तुम्ही पहिल्यांदा काहीतरी बंद पाडून दाखवलं ज्याचा फायदा झाला.

माया चौदा नंबरला बसते. जागा क्रमाने ठरलेल्या. तिला ती आवडली, तिथे गार लागतं म्हणे.

पेपर संपताना कुठेतरी ठकठक ऐकू येत होती. पाण्याची मोटर असावी.

३ एप्रिल

मोटर नाही. मोटर सकाळीच जळाली आहे.

इथले वायरमन निजामोद्दीनभाई, वय पासष्ट, दाढी मेंदीची, जीभ तिखट. इन्व्हर्टर बघायला आले आणि दारातच थबकले. विचारलं, पंखे किसने हळू केले? मी अभिमानाने छाती पुढे केली. ते म्हणाले, सर, ते जसे होते तसे करून टाका. मीच पंख्यांच्या वेगाची तार कापून ठेवली होती, मुद्दाम. तुम्ही ती जोडून टाकली. मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं: या जागेवर आधी छापखाना होता, चालला. मग गिरणी, तीही चालली. मधे कुणी अभ्यासिका काढली होती. एकवीस दिवस. शांत धंदा इथे टिकत न्हाई, एवढंच म्हणाले आणि बॅटरीत पाणी घालायला लागले.

मी म्हणालो, भाई, तुम्ही वायरमन की ज्योतिषी? ते हसले नाहीत. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच.

६ एप्रिल

एक गंमत. बाकी यंत्रं साठ-बासष्टला असतात, चौदा नंबर कायम सदतीसवर. ना वर, ना खाली. मापक बिघडला असणार असं धरलं. पण न्यायदर्शन शिकलेल्या माणसाला नुसतं धरून चालत नाही, म्हणून चौदाची पेटी तीनवर नेली, तीनची चौदावर. तीनवर गेलेली पेटी लगेच एकसष्ट दाखवू लागली. चौदावर आलेली सदतीस.

मग आणखी चार पेट्या त्या जागी ठेवून पाहिल्या. चारही सदतीस.

म्हणजे आकडा यंत्राचा नाही, जागेचा आहे. सदतीस हा आकडा कुठून ओळखीचा वाटतो, हे जेवताना लक्षात आलं. ताप नसलेल्या माणसाचा.

ठकठक तीनदा होते. मग थांबते. मग पुन्हा तीनदा.

९ एप्रिल

तीन ठोके मला माहीत आहेत. चार दिवस ते माहीत नाहीत असं स्वतःशी बोलत होतो.

आज घरी येताना माया सहज म्हणाली, पप्पा, हॉलच्या खाली कुणी राहतं का? मी म्हणालो, खाली जमीन आहे. ती म्हणाली, मग जमिनीत कुणीतरी हाय. माझ्या पायाखाली वाजवतंय. मी परवा पेनाने फरशीवर तीनदा वाजवलं, तर लगेच तीनदा परत आलं. आता रोज पेपर संपला की मी वाजवते. बिचारं वाट बघत असंल.

हसत होती. आपल्या आईसारखी आहे, रस्त्यावरच्या कुत्र्यालाही उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही.

मी म्हणालो, पाइपातली हवा असते ती. ती म्हणाली, हवेला तीनपर्यंत मोजता येतं?

१० एप्रिल

निजामभाईंना गाठलं, चहा पाजला. खोदून विचारलं, बातमीदाराला तेवढंच येतं. शेवटी बोलले. ही जागा म्हणजे जुनी खदान होती, दोन पुरुष खोल. भूकंपानंतरच्या साली बुजवली. भराव स्वस्तात मिळत होता, पडलेल्या गावांतला मलबा, दगड-माती, ट्रकमागून ट्रक. भाई तेव्हा त्या ट्रकांवर हमालीला होते. नीट बघून भरलं न्हाई सर, म्हणाले, बघायला माणसंच कुठं उरली होती. चौदा नंबरच्या खाली कुठल्या गावचा ढीग आहे तेही त्यांना आठवतं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं.

नाव लिहीत नाही. एकदा बातमीत लिहिलं होतं, तेवढं पुरे.

आता लिहावंच लागेल. हे चांगुणालाही सांगितलेलं नाही.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात पहाटे धरणी हलली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्या गावात पोहोचलो. पाऊस, चिखल, वास. जवानांची एक पद्धत होती. शिट्टी वाजली की सगळं बंद, जीपा, जनरेटर, रडणंसुद्धा. मग प्रत्येक ढिगावर एक माणूस पालथा पडून दगडाने तीन ठोके द्यायचा आणि कान लावायचा. आत कुणी जिवंत असेल तर तेही तीन ठोके देईल. माणसं कमी होती, म्हणून एका ढिगावर मला घातलं.

मी तीन ठोके दिले. खालून तीन आले.

अगदी हलके. पण तीन.

लातूरला जाणारी शेवटची जीप दहा मिनिटांत निघणार होती. फोन फक्त तिथे. मी ‘आहे’ म्हणालो असतो तर सगळं तास-दोन तास बंद राहिलं असतं, जीपसुद्धा. अधिकाऱ्याने लांबून विचारलं, कुछ है? मी मान हलवली. नाही.

शिट्टी वाजली. इंजिनं सुरू झाली. बातमी पहिल्या पानावर आली, माझ्या नावासकट.

प्रतिध्वनी असेल अशी समजूत घातली होती. पंचवीस वर्षं पुरली.

१२ एप्रिल

चौदा नंबर: छत्तीस.

दुपारी पस्तीस.

बाकीचेही उतरायला लागलेत. काल साठ होते ते आज पन्नास. बाहेर बेचाळीस अंश आहे, लिंबाची पानं करपलीत, आणि आत पोरं ओढण्या गुंडाळून बसलीत. सर खूश. म्हणाले, एसीचं बिल वाचलं, तुमचं साफ्टवेअर भारी निघालं. मी काय सांगू? की तापमान उतरतंय तसे पंखे माझ्याच नियमाने हळू होताहेत, आणि जितके हळू होतील तितकं जास्त ऐकू येईल?

सरांना मायाची जागा बदलायला सांगितलं. म्हणाले, सीट नंबरवर सगळं नोंदलंय, रँक लागते, एकीसाठी कसं बदलू? शिवाय पोरगी तिसरी आहे वर्गात. चांगलं चाललंय ते कशाला हलवता.

बरोबरच आहे. चांगलं चाललंय.

१४ एप्रिल

जयंती. क्लास बंद. माया पांढरा ड्रेस घालून मिरवणुकीला गेली, येताना निळी होऊन आली. डीजेने खिडक्यांच्या काचा हलत होत्या. आयुष्यभर या डीजेंवर मी टीका लिहिली. आज दिवसभर त्याच्या जवळ उभा राहिलो. खाली काय वाजतंय ते ऐकू येत नव्हतं. बाबासाहेबांचे उपकार मोजताना हा एक धरला नव्हता.

मायाला म्हणालो, चल, मुदखेडला जाऊ. परीक्षा घरूनच देऊ. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच बॅग खाली ठेवली. वर्षभर झोप मोडून अभ्यास केलाय तिने. काय सांगणार होतो? का ते सांगावं लागलं असतं.

१५ एप्रिल

चौदा: बत्तीस. सगळे: चौतीस, तेहतीस.

माया म्हणाली, आता ते तीनदा वाजवत नाही. सारखं वाजवतं. घाईत.

१६ एप्रिल

पेपर चालू असताना, तीन वाजून दहा मिनिटांनी, चौदावर एकोणतीस.

मग तेरा. पंधरा. मग सगळे. एकोणतीस, एकोणतीस, एकोणतीस.

पंखे थांबले. चोवीसही. माझंच शेवटचं कलम.

मग सगळ्यांनी ऐकलं. खालून. एक नव्हतं, पुष्कळ होते. हॉलभर. पोरांनी पाय वर घेतले. कुणीतरी रडायला लागलं. माया उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, पप्पा, आत माणसं हाईत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, काही नाही. पाइप आहेत.

नियम खोडला. पंखे पूर्ण वेगात लावले, चोवीसही. गिरणी सुरू झाली. पोरं हळूहळू खाली बसली. माया बसली नाही. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. तिला कळलं. काय ते नाही, पण कळलं.

जेवताना एकच वाक्य: तुम्ही ऐकलं होतं ना?

मी म्हणालो, नाही.

निजामभाईंचा फोन. आवाज पुन्हा मोठा केला ते बरं केलं म्हणाले. मग म्हणाले, पण आता उशीर झाला सर. आता त्यांना उत्तर मिळालंय.

१७ एप्रिल

३.०० — मी दाराशी. पेपर सुरू. पंखे पूर्ण. माया चौदावर. तिला दोनदा मोजली.

३.४० — आहे.

४.०० — पेपर संपला. तेवीस उठले.

चौदावर कुणी नाही.

दार एकच. दारात मी. खिडक्यांना जाळ्या. कुणीही तिला उठताना पाहिलं नाही. टेबलाखाली चपला, जोडीने, नीट ठेवलेल्या. पेन फरशीवर. फरशी सगळीकडे सांधलेली — एक चीरसुद्धा नाही — बोटं फिरवून पाहिली, पुन्हा पुन्हा —

पडद्यावर चौदा नंबर: सदतीस.

४.१५ — सर म्हणतात, गेली असंल मैत्रिणीकडं, या वयात — मी त्यांचा हात धरून फरशीवर ठेवला. लागतंय का? ते म्हणाले, पंख्यांमुळं सगळंच थरथरतंय हो.

हाताला लागतंय. मला लागतंय. तीन. थांब. तीन. पेनाने वाजवल्यासारखं. तिची लय आहे ती —

पंखे बंद केले. प्रोग्राममधून. ऐकत नाहीत. एकेक वायर काढली. फिरताहेत. निजामभाईंनी मेन स्विच पाडला, दिवे गेले, पडदे गेले. पंखे फिरताहेत. पूर्ण वेगात. वीज नाही आणि चोवीसही —

४.३० — माणसं जमलीत. दारात कुणीतरी विचारतंय, आत कुणी आहे का?

हो. म्हणालो, हो. आहे. ओरडून सांगतोय. आहे, मी ऐकलं होतं, तेव्हाही ऐकलं होतं — कुणाला ऐकू जात नाही. ते कानाला हात लावतात आणि मान हलवतात. नाही म्हणतात. इंजिनं सुरू झाल्यासारखा आवाज —

हळू झालेत तिचे ठोके. सदतीस होतं, पडदा विझायच्या आधी छत्तीस —

आणि मी लिहितोय. तेव्हाही लिहीतच होतो. निजामभाईंनी कुठून तरी पहार आणली आहे, माझ्यापुढे धरून उभे आहेत, डोळ्यांत पाणी — पुरे. पेन टाकतो. चौदाची फरशी आधी, मग ति—